त्या रात्रीचा चहा कोणी केला?

विश्वचषक फुटबॉलचे वर्ष आले की आपल्याकडे एका विशिष्ट लेखाला भूछत्रांसारखा बहर येतो. 'आमच्या लहानपणीची फायनल' हा त्याचा विषय. लेखक बहुधा पन्नाशी ओलांडलेला, पोटापाण्याच्या चिंतेतून मोकळा झालेला एखादा गृहस्थ असतो. गल्लीत एकच टीव्ही, कौलांवर चढून अँटेना फिरवणारा एक वांड पोरगा, पडद्यावर उठणाऱ्या मुंग्या, मॅराडोनाचे ते अवतारी पाय, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलेले घर, आणि मध्यरात्री सगळ्यांच्या हाती आलेला वाफाळता चहा, एवढा ऐवज त्यात ठरलेला. असे पंधरावीस लेख तरी मी आजवर वाचले असतील. आणि वाचताना मजाही आली आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार आहे ती त्या चहाविषयी. ह्या साऱ्या लेखांत चहा 'येतो'. पाऊस येतो, झोप येते, पाहुणा येतो, तसा चहा येतो. तो कोणी टाकला, कोणी गाळला, चौदा कपांत कोणी सारखा वाटला, आणि तो होत असताना पडद्यावर काय चालले होते व ते कोणाचे पाहायचे राहिले, ह्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

बाब बारीक आहे, दिवाळीच्या अंकात हिचे एवढे स्तोम कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना एकच विनंती. समोरच्या ताटलीतली चकली उचलण्यापूर्वी, परवा तो सोऱ्या कोणाच्या हातात होता हे जरा आठवून पाहावे, आणि मग पुढे वाचावे.

माझा आरोप स्पष्ट शब्दांत सांगते. घरी बसून पाहिलेली फायनल ही आमच्या पिढीची सामायिक आठवण म्हणून मिरवली जाते. ती सामायिक मुळीच नव्हे. ती अर्ध्या घराची आठवण आहे. उरलेल्या अर्ध्या घराने त्या रात्री सामना पाहिला नाही. ऐकला, आणि तोही भांड्यांच्या आवाजातून.

आता मी हे काही खेळाचे वावडे असलेल्या गावातले सांगत नाही. आमचे घर कोल्हापूरचे, तेही पेठेतले. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण. ज्या तालमींनी कुस्तीगीर घडवले त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे नुसती उच्चारली तरी दोन शहाण्या माणसांत वाद लागतो. आणि विश्वचषक आला की ह्याच पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना अशा दोन राष्ट्रांत वाटल्या जातात. गल्लीच्या तोंडाशी झेंडे लागतात, खेळाडूंची माणसापेक्षा मोठी चित्रे उभी राहतात. माझ्या आईचे वडील एका तालमीच्या संघात बचावाला खेळलेले. लहानपणी आई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन मैदानावर जाई आणि सामना संपेपर्यंत कडेला बसून राही. अशी आठदहा वर्षे तिने फुटबॉल पाहिला होता. माझे वडील आणि काका ह्या दोघांनी मिळूनही तेवढा पाहिला नसेल. हे पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवावे.

१९८६ सालच्या २९ जूनचा तो रविवार. मेक्सिकोत भर दुपारी बाराला सामना सुरू होणार, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. दोन वर्षांपूर्वी सरकारने देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे उभारण्याचा सपाटा लावला होता, त्यामुळे मोठ्या शहरांबाहेरच्या घरांतही दूरदर्शन येऊन बसले होते. आमच्याकडे सरकत्या दारांच्या लाकडी पेटीतला टीव्ही होता आणि तो सोप्यात ठेवलेला असे. मी अकरा वर्षांची होते, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. दुपारची जेवणे झाल्यावर भावाला दटावून झोपवण्यात आले. का, तर रात्री जागायचे आहे. मला आजीने तांदूळ निवडायला बसवले. मला दुपारी झोपवले नाही, म्हणजे रात्री जागवायचेही नव्हते, हे कोणी तोंडाने सांगावे लागले नाही. तरीही मी जागी राहिले, ती कपबश्यांची ने-आण करायला कोणी तरी हवे होते म्हणून. अशा रीतीने मॅराडोनाची फायनल मी ट्रे धरून पाहिली.

सोप्यात तेरा-चौदा माणसे. सगळे पुरुष आणि पोरगे. आई, काकू आणि आजी माजघराच्या उंबऱ्याशी. बाहेर पाऊस लागलेला. तेविसाव्या मिनिटाला बुरुचागाने फ्री किक मारली, जर्मन गोलरक्षक शूमाखर चेंडूसाठी पुढे धावला आणि फसला, आणि ब्राउनने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. सोपा उसळला. मध्यंतराला चहाची पहिली फेरी झाली. उत्तरार्धात वाल्दानोने दुसरा गोल केला तेव्हा माणसे सैल झाली, कोणी तंबाखू मळू लागले, कोणी पाय पसरले. मग जर्मनांनी दोन कॉर्नरांवर सातआठ मिनिटांच्या आत दोन गोल केले, पहिला रुमेनिगेचा, दुसरा फोलरचा. दोन-दोन! आता जादा वेळ खेळावा लागणार हे सर्वांनी धरूनच टाकले, आणि सोप्यातून हुकूम सुटला, "वैनी, च्या टाकायला घ्या."

आई उठली, पण आत जाण्यापूर्वी क्षणभर उंबऱ्यात थांबली. पडद्याकडे बघत म्हणाली, "जर्मनीवालं समदं म्होरं आलंया. मागं कोणच न्हाई की."

काका मान न वळवता म्हणाले, "वैनी, तुम्ही च्याचं बघा."

ती आत गेली. पंपाचा स्टो एकदा पेटला की त्याच्या आवाजात समालोचन तर सोडाच, शेजारी बोललेले ऐकू येत नाही. तिने आधण ठेवले असेल नसेल, तोच मैदानाच्या मध्यावर जर्मनांच्या घोळक्यात अडकलेल्या मॅराडोनाने चेंडू हलकेच पुढे सरकवला. बुरुचागा एकटा धावत सुटला. त्याच्यापुढे खरोखरच कोणी नव्हते. सगळे जर्मन बरोबरीच्या उन्मादात पुढे आले होते, ते आता मागून धापा टाकत येत होते. तीन-दोन. घर हादरले. आई हातात सांडशी घेऊन दारात आली आणि विचारती झाली, "काय झालं?"

"गोल झाला! च्या झाला का?"

पुढचे ऐका. त्या घटनेला आता जवळजवळ चार दशके होत आली. इतक्या वर्षांत आमच्या घरी ही फायनल कितीदा सांगितली गेली असेल त्याची गणती नाही. लग्नकार्यात, गणपतीत, पाहुणे आले म्हणजे. आणि दर वेळी काका सांगतात, "मी तवाच म्हणलो हुतो, मागं कोणच न्हाई त्यांच्या!" गोल तर तिचा गेलाच, वाक्यही गेले. काका खोटारडे आहेत असे माझे म्हणणे नाही. ते मनाने सरळ गृहस्थ आहेत, आणि हे वाक्य आपलेच, असे ते गंगाजळी उचलून सांगतील. बैठकीत जे बोलले गेले ते बैठकीतल्याच कोणी तरी बोललेले असणार, एवढी साधी त्यांची समजूत आहे. ज्या आठवणींवर आपण इतके लट्टू होतो त्या अशा घडतात.

ह्यावर पहिला आक्षेप मला तोंडपाठ आहे. 'अहो, त्या काळी बायकांना फुटबॉलची आवडच नव्हती!' हे ऐकले की मला हसू येते. आवडीचा हा निवाडा कोणी केला? त्या रात्री सोप्यात बसलेल्या चौदांपैकी ऑफसाइड म्हणजे काय हे धड सांगू शकणारे तिघे होते, आणि त्या तिघांचेही आपसांत जमत नव्हते. तरी त्यांना कोणी उठवून चहा करायला पाठवले नाही. पुरुषाला खेळ पाहायला खेळ कळावा लागत नाही. बाईला मात्र आधी आवड सिद्ध करावी लागते, मग ज्ञान सिद्ध करावे लागते, आणि ती दोन्ही सिद्ध झाली की कोणी तरी म्हणते, वहिनी, चहाचे बघा.

आणि आवड मरते कशी हेही मी पाहिले आहे. चार वर्षांनी, १९९० च्या जुलैत, रोमला पुन्हा हेच दोन संघ अंतिम सामन्यात उभे राहिले. पुन्हा रविवार, पुन्हा रात्रीचे साडेअकरा. मी पंधरा वर्षांची होते आणि आता ट्रे टाकून बसायचे असे ठरवून बसले होते. आईला हाक मारली. ती आतून म्हणाली, "तुमी बघा. मला काय कळतंय त्यातलं?" जिला त्या घरात सगळ्यांत जास्त कळत होते ती बाई हे बोलत होती. त्या सामन्यात ब्रेमेने पेनल्टीवर एकच गोल केला, अर्जेंटिनाचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले, सामना म्हणून तो अगदी कंटाळवाणा झाला. पण माझ्या लक्षात राहिले ते आतून आलेले ते वाक्य.

बरे, आवडीचाच प्रश्न असता तर जगातल्या फुटबॉल-मंडळांना बायकांवर बंदी घालायची वेळ का यावी? जिथे आवडच नसते तिथे बंदीची गरज पडत नाही. १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना झाला, तेव्हा सुमारे ५३ हजार माणसे तिकीट काढून आत बसली होती. वर्ष पुरे व्हायच्या आत, १९२१ च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना शोभणारा नाही, आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ पासून १९७० पर्यंत हेच केले. आणि आमच्या पेठांनी ज्याच्या पिवळ्या झेंड्याखाली रात्री जागवल्या त्या ब्राझीलमध्ये तर १९४१ साली सरकारी हुकूमच निघाला की स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिने खेळू नयेत. तो उठला १९७९ साली. म्हणजे ब्राझीलने पेलेच्या काळात १९५८, १९६२ आणि १९७० असे तीनदा जग जिंकले, त्या तिन्ही वेळी त्याच देशातल्या मुलीने चेंडूला पाय लावणे कायद्याला मान्य नव्हते. हा तपशील आमच्या गल्लीतल्या एकाही चित्राखाली लिहिलेला मी पाहिला नाही.

आपल्याकडे असे ठराव आणि हुकूम काढण्याची गरज पडली नाही. आपल्याकडे चहाने काम भागले.

पण ह्याहून मला झोंबते ती दुसरीच गोष्ट. १९८६ ची ती फायनल झाली मेक्सिको शहरातल्या अझटेका मैदानावर, १ लाख १४ हजारांवर प्रेक्षकांसमोर. ते मैदान, ती गर्दी, ते ऊन, सारे त्या स्मृतिलेखांत भक्तिभावाने येते. आता ह्याच मैदानावर पंधरा वर्षांपूर्वी काय झाले होते ते पाहा. १९७१ च्या सप्टेंबरात, ह्याच अझटेकावर, स्त्रियांच्या विश्वस्पर्धेचा अंतिम सामना झाला. जागतिक संघटनेने ती स्पर्धा कधी आपली मानली नाही, तरी प्रेक्षक लाखाच्या वर आले होते. डेन्मार्कने यजमान मेक्सिकोला ३-० हरवले, आणि ते तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन नावाच्या एका मुलीने केले. तिचे वय होते पंधरा वर्षे.

पंधरा वर्षांची मुलगी! ज्या मैदानाकडे मी ट्रे धरून उंबऱ्यातून बघत होते त्याच मैदानावर माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या मुलीने विश्वस्पर्धेच्या फायनलमध्ये तीन गोल मारले होते, आणि हे मला कोणी सांगितले नाही. सांगणार कोण? सोप्यातल्यांना ते ठाऊक नव्हते, समालोचकाच्या तोंडी ते आले नाही. आपल्याच देशाच्या मुली १९८० च्या जानेवारीत कोळिकोडला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या होत्या, १९८३ साली बँकॉकला पुन्हा गेल्या; तेही मला चाळिशी उलटल्यावर एका जुन्या कात्रणातून कळले. भावाला मात्र त्या वयात अर्जेंटिनाच्या राखीव खेळाडूंची नावे पाठ होती. मुलगा झोपेतून उठवून जे शिकतो आणि मुलगी झोपायला पाठवली जाऊन ज्याला मुकते, त्यातला हा फरक आहे. आणि तो केवळ एका रात्रीच्या करमणुकीचा नव्हे.

जागतिक संघटनेने स्त्रियांचा पहिला अधिकृत विश्वचषक भरवला तो १९९१ साली, चीनमध्ये. पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती. त्यातही सामने नव्वद मिनिटांचे न ठेवता ८० मिनिटांचे ठेवले. बायकांना शेवटची दहा मिनिटे झेपणार नाहीत अशी ज्यांना धास्ती वाटली असेल त्यांना वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत आमच्या कुठल्याही स्वयंपाकघरात उभे करावे.

आणि कपबश्यांचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. १९८९ साली पश्चिम जर्मनीच्या स्त्रियांनी नॉर्वेला ४-१ हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळवले. तेव्हा त्यांच्या संघटनेने ह्या विजयी खेळाडूंना बक्षीस काय द्यावे? प्रत्येकीला कॉफीच्या कपबश्यांचा एकेक संच! मी हे रचून सांगत नाही. जर्मनीत ती गोष्ट आजही थट्टेने सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुरुषांनी रोमला विश्वचषक जिंकला. त्यांना कोणी कपबश्या दिल्याचे ऐकिवात नाही. सातासमुद्रापलीकडच्या त्या कचेरीतल्या अधिकाऱ्यांना आणि आमच्या सोप्यातल्या मंडळींना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण विचार करण्याची पद्धत एकच.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, म्हणून त्याला जरा जपून उत्तर देते. 'तुमच्या आईने तो चहा प्रेमाने केला. त्याचा असा हिशेब मांडून तुम्ही त्या प्रेमाचा अपमान करता.' प्रेमाने केला हे शंभर टक्के खरे. आमच्या आईने कोणतीच गोष्ट कपाळाला आठी घालून केली नाही. पण प्रेमाने करणाऱ्याला सामना पाहू देऊ नये, असे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? वडिलांचेही आईवर प्रेम होते. मग त्या प्रेमापोटी ते तीन मिनिटे आत का गेले नाहीत? ह्या प्रश्नावर लोक चमकतात, कारण तो प्रश्न आजवर कोणाला सुचलेलाच नसतो. 'पुरुष दिवसभर राबून आलेला असतो' असेही एक उत्तर तयार असते. पण तो रविवार होता! वडिलांना सुट्टी होती, काकांना सुट्टी होती, शाळेला सुट्टी होती. आईच्या सुट्टीचा वार मात्र भिंतीवरच्या कुठल्याही दिनदर्शिकेत मी अद्याप पाहिलेला नाही.

'काळच तसा होता' हे तिसरे पालुपद. काळाच्या डोक्यावर सारे खापर फोडले की घरातला कोणीच जबाबदार उरत नाही, म्हणून ते सर्वांना प्रिय आहे. आणि त्याच्या जोडीला ठरलेले दुसरे वाक्य येते, की आता सारे बदलले. किती बदलले ते पाहू. आपल्या देशात माणसे आपला दिवस कसा घालवतात ह्याची सरकार पाहणी करते. २०१९ च्या पाहणीत असे दिसले की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटे त्यात जातात, आणि ते काम करणाऱ्या पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा पाहणी झाली. बाईची २८९ झाली, पुरुषाची ८८. दहा मिनिटे तिची वाचली. पण त्याचीही नऊ वाचली! दोहोंतले अंतर २०१ मिनिटांचे. जादा वेळ आणि पेनल्ट्यांसकट एक आख्खी फायनल त्यात बसते, आणि वर बक्षीससमारंभही पाहून होतो. आणि ही तुलना घरकाम करणाऱ्या पुरुषांशी आहे. जे कशालाच हात लावत नाहीत ते ह्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

२०२२ च्या १८ डिसेंबरला कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची फायनल झाली ती आपल्याकडे रात्री साडेआठला लागली. तोही रविवारच. साडेआठ म्हणजे ऐन जेवणाची वेळ. मेस्सीचे गोल, एम्बापेचे तीन गोल, तीन-तीन अशी बरोबरी, मग पेनल्ट्या. असा अंतिम सामना माणसाच्या आयुष्यात एखादाच येतो. त्या रात्री माझ्या ओळखीच्या एका सुशिक्षित घरी मी बसले होते. टीव्ही भिंतीएवढा, पडद्यावर मुंगी औषधाला नाही. आणि ऐन जादा वेळात घरची सून पोळ्या लाटत होती, कारण सासऱ्यांना गरम लागते. ती मधून मधून ओरडून विचारी, "काय झालं?" छत्तीस वर्षांत टीव्ही इतका सुधारला, प्रश्न तोच राहिला.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही मी पाहिली आहे. २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पावसाने सामना उशिरा सुरू झाला आणि संपता संपता मध्यरात्र झाली. आमच्या इमारतीत त्या रात्री पुढच्या खुर्च्यांवर बायका होत्या, आणि चहा पुरुषांनी केला. साखरेचा डबा कुठे आहे हे विचारायला तिघे जण पाळीपाळीने बाहेर येऊन गेले, पण चहा झाला, आणि पिण्यासारखा झाला. म्हणजे जमते. पण मला पुढची शंका आहे. मुली खेळत होत्या म्हणून ती रात्र मुलींची मानली गेली. पुरुष खेळतात त्या रात्री काय होते, खरी परीक्षा तिथे आहे.

ह्याच डी. वाय. पाटील मैदानावर २०२२ च्या फेब्रुवारीत आशियाई स्त्रियांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता. दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनने दक्षिण कोरियाला ३-२ हरवले. गोलसंख्या पाहा, १९८६ चीच! रंगतीला त्याही सामन्यात काही कमी नव्हते. आमच्या फुटबॉलवेड्या नातेवाइकांपैकी तो किती जणांनी पाहिला, अशी चौकशी मी केली. उत्तर असे, की तो आपल्या राज्यात झाला हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. २०२५ च्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून पुढच्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. पात्रता-सामने जिंकून असे जाण्याची ती आपली पहिलीच वेळ. पेठेत त्याचा एखादा फटाका वाजल्याचे माझ्या कानावर आले नाही.

तेव्हा स्मृतिलेख लिहिणाऱ्या सद्गृहस्थांना माझे सांगणे आहे. आपण लिहा, जरूर लिहा. अँटेना लिहा, मुंग्या लिहा, मॅराडोना तर लिहाच. पण लिहायला बसण्यापूर्वी घरात ज्या म्हाताऱ्या बायका अजून हयात आहेत त्यांच्याजवळ जाऊन बसा, आणि त्या रात्री त्यांनी काय पाहिले, कुठून पाहिले, कोणता गोल चुकला, हे विचारा. त्या आधी म्हणतील, 'मला काय कळतंय त्यातलं.' तिथे उठू नका. मी आईला अशीच एकदा खोदून विचारत बसले, तेव्हा तिने आजोबांच्या संघाची बचावफळी नावानिशी सांगितली, कोण डाव्या पायाचा, कोणाला वळायला वेळ लागे, हेही सांगितले. मग म्हणाली, "त्या जर्मनांचं चुकलंच. बरोबरी झाल्यावर दोन मिनिटं दम खायचा असतोय." हे विश्लेषण कुठल्याही दैनिकाच्या क्रीडापानावर शोभले असते. ते एवढी वर्षे आमच्या माजघरात पडून होते. आपल्या घरीही असे काही पडून असेल. त्या बायका आहेत तोवर ते मिळेल.

आणि ज्यांना लिहायचे नाही, नुसते पाहायचे आहे, त्यांच्या घरी पुढची फायनल ज्या रात्री असेल त्या रात्री कोणी आत जायचे ते आधी ठरलेले असावे. मुलगा नऊ वर्षांचा असला तरी त्याला गाळणी धरता येते. मुलीला दुपारी झोपवावे. बायकांसाठी उंबरा नव्हे, खुर्ची ठेवावी, आणि ती पडद्यासमोर ठेवावी. सामना रंगात आला असता कोणाला चहाची तल्लफ आलीच, तर ज्याला आली त्याने उठावे, आणि तो आत असताना गोल झाला तर बाहेरच्यांनी ओरडून सांगावे, "झाला का चहा?"

एवढाही त्रास नको असेल तर चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवता येतो. थर्मास काही अलीकडचा शोध नव्हे. १९८६ सालीही आमच्या घरी एक होता, हिरव्या रंगाचा. कोणी दवाखान्यात असेल तरच तो खाली काढीत. त्या रात्री तो फडताळात वरच्या फळीवर होता.